हिंगण्याच्या शेडमधून एक आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या बदलीच्या दिवशी नागपूरच्या जिल्हा उद्योग केंद्रात आलो होतो. केबिनबाहेर इतकी गर्दी होती, की नुसता नमस्कार करून परतलो. सांगायचं ते राहूनच गेलं. आज उघड पत्र लिहितो आहे, कारण हिंगणा आणि बुटीबोरीतल्या माझ्यासारख्या शेडवाल्या लघुउद्योजकांनाही हे कळायला हवं.

विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात विमानांची दुरुस्ती होऊ लागली, फाल्कन विमानांचे भाग बनू लागले, तेव्हापासून या कामात आपणही असावं असं मनात होतं. तसं पहिलं काम मिळालं ते तीन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात. अ‍ॅल्युमिनियमचे १०० मिलिमीटर लांबीचे ब्रॅकेट, १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडेतिकडे चालतील एवढीच सूट. सगळा लॉट परत आला. शेरा एकच : माप कमी. प्रत्येक नग आम्ही दोनदा मोजला होता! बँकेचा हप्ता तोंडावर आला होता. मी तुमच्याकडे आलो तो सबसिडीचं विचारायला. तुम्ही फॉर्म बाजूला सारलात आणि म्हणालात, "आधी नग दाखवा."

मग माझ्यासमोरच तुम्ही फोन लावलेत. पहिला वाडीला, जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्रात. त्या फाटकासमोरून मी वर्षानुवर्षं ये-जा केली, पण आत आपलं काही काम असेल असं कधी वाटलं नाही. तिथे धातू तपासला, तो चोख निघाला. दुसरा फोन छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमला, साचे-हत्यारं बनवणाऱ्या आणि ते शिकवणाऱ्या सरकारी संस्थेला. पहाटे समृद्धी महामार्गानं निघालो, दुपारच्या आत नग त्यांच्या टेबलावर होते. तिथल्या सरांनी एकच विचारलं, "मोजलंत तेव्हा शेडमध्ये तापमान किती होतं?"

४२ अंश.

जगभर लांबीचं माप २० अंशांना धरतात, हे मला त्या दिवशी कळलं. १०० मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला सुमारे २.३ मायक्रॉन वाढतं, आमचं मोजायचं पोलादी उपकरण, मायक्रोमीटर, त्याच्या निम्मंच. २२ अंशांच्या फरकात हे अंतर २५ मायक्रॉनवर गेलं. शेडमध्ये बरोबर भरलेला नग गिऱ्हाइकाच्या थंड खोलीत तेवढा आखूड ठरत होता. परत येऊन कारागिरांना सांगितलं, तर आमचे जुने फिटर म्हणाले, "म्हंजे भाऊ, आपण उन्हाचं माप घेऊन राहिलो होतो!"

मॅडम, आपल्या राज्यात संस्था कमी नाहीत. एमआयडीसी १९६२ सालची, व्हीएनआयटी ही नागपूरची अभियांत्रिकी संस्था तिच्याही आधीची. पण प्रत्येकीचं दार वेगळं, फॉर्म वेगळा, आणि आपल्या दुखण्यावर औषध कोणाकडे आहे हेच लहान उद्योजकाला उमगत नाही. राज्यभरातल्या संस्था आणि उद्योगांच्या भागीदाऱ्यांबद्दल मी भाषणांत ऐकलं होतं. तुमच्या टेबलावर ती भागीदारी माझ्या एका ब्रॅकेटसाठी कामाला लागलेली पाहिली. फोन लावून तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. आठवड्यानं स्वतः शेडवर आलात, आणि भर उन्हात मशीनपाशी उभं राहून पोरांशी बोललात.

नंतर आम्हा पाच शेडवाल्यांना तुम्ही एकत्र बसवलंत. एकमेकांचे दर फोडणारी माणसं आम्ही, पहिल्या बैठकीत कोणी नीट बोललं नाही. तिसऱ्या बैठकीत सामायिक मोजमाप खोलीचं ठरलं. आता पाचही जणांचे नग तिथे रात्रभर २० अंशांत ठेवून सकाळी मोजतो. माझी दोन मुलं टूल रूममध्ये प्रशिक्षण घेऊन आली. त्यातली एक मुलगी आज ती खोली सांभाळते.

त्याच गिऱ्हाइकानं मागच्या महिन्यात पाचवी ऑर्डर दिली. त्यातला एक नग तुमच्यासाठी वेगळा काढून, मोजमापाचा अहवाल जोडून ठेवला आहे. नव्या गावी कुरिअरनं पाठवला असता, पण तो तुमच्या हातात द्यायची इच्छा आहे. नागपूरला याल तेव्हा शेडवर नक्की या.

आपला कृतज्ञ,
हिंगणा एमआयडीसीतला एक लघुउद्योजक