लँडस्केप आर्किटेक्टांचे वर्ष आणि राहून गेलेली मागणी

महोदय,

सरलेले 2025 हे वर्ष लँडस्केप आर्किटेक्टांना, म्हणजे इमारतींभोवतीच्या मोकळ्या जागा, झाडे आणि पाण्याच्या वाटा आखणाऱ्यांना, जड गेले, असे आमच्या व्यवसायात सर्रास बोलले जाते. थकलेली बिले, न परवडणारी मजुरी आणि ऐन लागवडीच्या तयारीत कोसळलेला पाऊस ही त्याची नेहमी ऐकू येणारी कारणे. ती खोटी नाहीत. पण व्यावसायिक संघटनेने वर्षाचा ताळेबंद एवढ्यावरच मिटवू नये, असे या संघटनेचा एक सदस्य म्हणून मला वाटते.

मुंबईत मोसमी पाऊस 26 मे रोजी, म्हणजे गेल्या 75 वर्षांत सर्वांत लवकर, दाखल झाला आणि त्याच दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. सप्टेंबरात सीनेच्या पुराने सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली शेतेच्या शेते पाण्याखाली घातली. पाणी कुठे मुरेल आणि कुठून वाहून जाईल, हा आमच्या अभ्यासक्रमातला अगदी सुरुवातीचा विषय. तरीही त्या चर्चांत आमच्यापैकी फार थोडे जण जाहीरपणे बोलले, आणि आम्हाला विचारावे असे फारसे कुणाला सुचलेही नाही.

याचे मूळ काही अंशी कायद्यात आहे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावू नये असे सांगणारे 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमाचे कलम 37 लँडस्केप आर्किटेक्टांना त्यातून वगळते, तेही जहाजांची रचना करणाऱ्या नेव्हल आर्किटेक्टांच्या पंगतीला बसवून! इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स ही आमची संघटना 2003 पासून आहे; मात्र कायद्याने बांधलेली नोंदणी आम्हाला आजही नाही. ती मिळावी, हे खरेच. परंतु हे कलम उपाधीला संरक्षण देते, कामाला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा नुसत्या नोंदणीने आमची स्थिती पालटेल, असे मानण्यात अर्थ नाही. खरी अडचण आम्हाला कोणत्या टप्प्यावर बोलावले जाते, ही आहे.

पुण्यातल्या एका गृहप्रकल्पाचे उदाहरण देतो. आराखड्यात पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावरच्या मोकळ्या जागेत, मोठ्या झाडांसाठी मीटरभर माती दाखवली होती. वाहनतळाची उंची वाढवताना ती घटत गेली आणि आमच्या हाती जागा आली तेव्हा स्लॅब ओतून वर्ष झाले होते. पहिल्याच जोरदार पावसात बहावे कलंडले. एकाचा मुळांचा गड्डा उचलला, तर खाली जेमतेम वीतभर माती, आणि तीतही विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा आणि सिमेंटच्या गोणीची चिंधी. तक्रार मात्र ‘झाडे चुकीची निवडली’ अशी आली.

वर्षअखेरीस नाशिकच्या तपोवनात आगामी सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वसाहतीसाठी, 1,700 हून अधिक झाडांवर कुऱ्हाड येणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले, तोही याच क्रमाचा प्रश्न आहे. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद राज्याच्या वृक्ष कायद्यात 2021 मध्ये आली. पण भरपाईचा हिशेब तोडणे ठरल्यानंतरचा असतो. मोठ्या प्रकल्पांना लागणारी उंच, तयार झाडे अनेकदा आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून येतात. गोदावरीच्या उगमाकडची झाडे काढायची आणि तिच्या मुखाकडून दुसरी आणायची, हा व्यवहार मला तरी अजब वाटतो. उभ्या झाडांचे आणि जमिनीच्या उतारांचे सर्वेक्षण आधी करून तंबू, रस्ते व मलवाहिन्या त्यांच्यामधून आखणे हे आमचे रोजचे काम आहे.

म्हणून संघटनेने नव्या वर्षात एकच मागणी लावून धरावी. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठ्या प्रत्येक प्रकल्पात, मग तो सरकारी असो वा खासगी, बांधकाम परवानगीच्या अर्जासोबतच उभी झाडे, उतार, पाण्याच्या वाटा आणि मातीची खोली दाखवणारा नकाशा सक्तीचा असावा, आणि भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी ती माती प्रत्यक्ष खणून मोजली जावी. नियमातील दुरुस्तीचा मसुदा संघटनेने स्वतः लिहून नगरविकास विभागाकडे द्यावा. तोवर, जागेवरची माती नकाशाहून कमी भरली तर सदस्याने काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करू नये, एवढा ठराव तर संघटनेला आजही करता येईल.

– एक लँडस्केप आर्किटेक्ट, पुणे