डाखाऊला जाऊन आले

आई, बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं होतं पण हे असं पाच मिनिटात उरकण्यासारखं नाहीच, म्हणून बसून सविस्तर लिहितेय. शनिवारी मी आणि माझी ऑफिसमधली मैत्रीण डाखाऊला गेलो होतो, नाझींची छळछावणी होती तिथे. म्युनिकच्या मारिएनप्लाट्झला ग्रुप जमतो, गाईड सोबत असते, लोकलने वीसेक मिनिटं आणि पुढे थोडी बस. म्हणजे अंतर दादर-ठाण्यापेक्षा जास्त नाहीये हो बाबा, आणि आजूबाजूला नीट वस्तीचं गाव, तेव्हाही होतंच.

मला वाटायचं हे सगळं युद्धात, कुठेतरी लांब, लपूनछपून झालं असणार. तर छावणी सुरू झाली २२ मार्च १९३३ ला, हिटलरला चान्सलर होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, युद्धाला अजून सहा वर्षं होती. आणि आदल्या दिवशी पेपरात बातमी होती! हिमलर तेव्हा म्युनिकचा पोलीसप्रमुख होता, त्याने पत्रकारांना बोलावून सांगितलं की पाच हजार माणसं ठेवता येतील असा कॅम्प उघडतोय. सुरुवातीला कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, युनियनवाले असे विरोधक आणले, मग हळूहळू ज्यू, रोमा (जिप्सी), समलिंगी, पाद्री, सगळेच. नोव्हेंबर १९३८ मधे ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडली त्यानंतर दहा हजारांहून जास्त ज्यू पुरुष इथे आणून टाकले, आणि बऱ्याच जणांना देश सोडून जाण्याच्या अटीवर सोडलं.

बराकी आता राहिल्या नाहीत, दोन नव्याने बांधून दाखवल्यात, बाकीच्यांचे नुसते चौथरे, एकापुढे एक, मधून झाडांचा रस्ता. साधारण सहा हजार माणसांसाठी बांधलेल्या जागेत शेवटी शेवटी तीस हजारांवर माणसं होती, फळ्यांवर एकमेकांना चिकटून झोपायची, त्यात टायफसची साथ. बारा वर्षांत दोन लाखांवर माणसं डाखाऊ आणि तिच्या उपछावण्यांमधे डांबली, त्यातली किमान ४१,५०० मेली. अमेरिकन सैन्य २९ एप्रिल १९४५ ला पोचलं.

मग स्मशानभट्ट्या. शेजारीच गॅस चेंबर आहे, बाहेर न्हाणीघर अशी पाटी. गाईडने नीट समजावलं की इथे गॅसने सामूहिक हत्या झाल्या नाहीत, आजारी आणि काम न करू शकणाऱ्या अडीच हजारांवर कैद्यांना ऑस्ट्रियातल्या हार्टहाइमला नेऊन गॅसने मारलं, आणि लाखोंच्या संख्येने ज्यूंना मारायची केंद्रं पोलंडमधे होती, एकट्या आउशवित्झमधे अकरा लाख माणसं मारली, त्यातले दहा लाखांच्या आसपास ज्यू. ती आकडे अगदी जपून सांगत होती, एकही वाढवून नाही, ते मला फार पटलं.

तिथेच भिंतीवर एक पाटी आहे, चार बायकांची नावं. त्यात नूर इनायत खान. आत्याला नक्की सांगा, नूरचे वडील तुमच्या बडोद्याचे, तिथल्या नामवंत संगीतकार मौलाबक्षांचे नातू, स्वतःही मोठे गवई होते. नूर ब्रिटिशांसाठी पॅरिसमधून चोरून वायरलेस चालवायची, पकडली गेली, आणि १३ सप्टेंबर १९४४ ला तिला इथे गोळी घातली. तीस वर्षांची होती. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, ग्रुप पुढे गेला तरी.

बाबा, आता जे लिहितेय ते काकांनाही वाचून दाखवा, मी रागाने म्हणत नाहीये. आपल्याकडे ट्रॅफिक तुंबलं, लाच मागितली की लगेच कोणीतरी म्हणतं, "इथे एखादा हिटलरच पाहिजे", काका तर दर गणपतीत म्हणतात आणि सगळे माना डोलावतात. स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर त्याचं आत्मचरित्र शिवचरित्राच्या शेजारी मांडलेलं असतं. शिस्त म्हणून आपण जे म्हणतो ना काका, ती शिस्त मी बघून आले, मोजणीसाठी थंडीपावसात तासनतास उभं करायचे त्या मैदानावर. आणि सुरुवात त्याच्यावर टीका करणाऱ्यांपासूनच झाली होती, म्हणजे तुमच्यासारखी तोंडावर बोलणारी माणसं पहिल्याच महिन्यात आत गेली असती. प्लीज, हे वाक्य आपल्या घरात नको. मला खरंच ऐकवणार नाही आता.

मे मधे तुम्ही याल तेव्हा बाबा आपण दोघं जाऊ. आई, तुला यायचं असेल तर ये पण अडीच तास चालणं आहे आणि सगळी खडी, गुडघ्यांचा विचार कर. छोट्याला नेता यायचं नाही, तेरा वर्षांखालच्यांना टूरला शक्यतो आणू नका म्हणतात, त्या दिवशी तो ह्यांच्यासोबत घरी राहील. तिकिटं झाली की तारखा कळवा, मी टूरचं आधीच बघून ठेवते.

तुमची,
सोनू