सात ताऱ्यांचं पुढे काय झालं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'परग्रहवासीयांनी ताऱ्याभोवती उभारलेली महाकाय यंत्रे?' अशा थाटाच्या बातम्यांची कात्रणे मी २०१५ पासून एका वहीत चिकटवतो आहे. परवा नववीतल्या नातीने वही चाळताना विचारले, "आजोबा, या सात ताऱ्यांचं पुढे काय झालं?" वहीत उत्तर नव्हते. माझ्याकडे येणाऱ्या पेपरात ते आलेच नव्हते.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील मातियास सुआसो आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५० लाख तारे चाळून मे २०२४ मध्ये हे सात संशयित काढले. मूळ कल्पना भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांची, १९६० मधली: प्रगत परग्रहवासी ताऱ्याभोवती यंत्रे उभारून त्याची ऊर्जा वापरत असतील. ताऱ्याची ऊर्जा कुणी कितीही वापरली तरी शेवटी ती उष्णता होऊन बाहेर पडणारच. उन्हात तापलेली भिंत दिवेलागणीनंतरही हाताला धग देते, तसेच. ही धग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत दिसते. पण धूळही अशीच तापते. शिवाय ताऱ्याच्या नेमकी मागे एखादी दूरची दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) असली, तर तिची धग ताऱ्याच्या खात्यात जमा होते. महिन्याभरातच इतर खगोलशास्त्रज्ञांनी दाखवले की सातांपैकी तिघांपाशी रेडिओस्रोत आहेत, बहुधा मागच्या धुळकट दीर्घिकांचे.

२०१५ मध्ये यंत्रांची अशीच बातमी आलेल्या, हंस तारकासमूहातल्या 'टॅबीच्या ताऱ्या'चेही तेच. केप्लर दुर्बिणीच्या नोंदींत त्याचा प्रकाश २२ टक्क्यांपर्यंत घटलेला दिसला. गुरूएवढा ग्रह आडवा आला तरी जेमतेम एक टक्का घटतो! ही विचित्र घट हेरली ती घरबसल्या आलेख तपासणाऱ्या हौशी मंडळींनी (मला या बातमीत सर्वांत आवडलेली गोष्ट हीच). पुढे २०१८ मध्ये कळले की निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त अडतो. भरीव बांधकाम असते तर सगळे रंग सारखेच अडले असते. म्हणजे बारीक धूळ. यंत्रांची बातमी पहिल्या पानावर होती. धुळीची, वहीत पाहतो तर, आतल्या पानावर चार ओळी.

शास्त्रज्ञांबद्दल माझी तक्रार नाही. सुआसो यांच्या गटानेही पुढील तपासणी हवी असेच म्हटले होते. प्रश्नचिन्ह आपण मथळ्यात टाकता, मग त्याचे उत्तरही तेवढ्याच ठळक टाइपात का नाही?

तीन ताऱ्यांपुढे नातीने पेन्सिलीने 'दीर्घिका?' असे लिहिले आहे. उरलेल्या चारांपुढची जागा मोकळी ठेवली आहे. त्यांची बातमी आली, तर कृपया छापावी.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, वाई