काच फुटली त्याची शिक्षा झाली, नाक फुटलं त्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला मुलांच्या संवेदनशीलतेवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. मोबाईलमुळे मुलं कोरडी झालीत, म्हणून मूल्यशिक्षणाचे तास वाढवा आणि चांगल्या वागण्याला प्रगतिपुस्तकात मार्क द्या, असं त्यात लिहिलंय. ते वाचून राहवेना म्हणून सकाळी चहा झाल्या झाल्या मोबाईलवरच टाईप करतेय, चुका सुधारून घ्याव्यात.

माझा नातू तिसरीत आहे. गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत त्याच्या वर्गातल्या एका मुलाला दोघातिघांनी ढकललं, तो पायरीवर आपटला, नाकातून रक्त यायला लागलं. बाकीची पोरं कोंडाळं करून बघत उभी. आमचा पाणी आणायला पळाला आणि व्हरांड्यातल्या नोटीस बोर्डावर जाऊन धडकला, बोर्डाची काच फुटली. झालं, तिथून पुढे सगळी शाळा त्या काचेभोवतीच. डायरीत लाल शेरा, ८०० रुपये भरा, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्यांसमोर उभं केलं. ज्यांनी ढकललं त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही, कारण त्यांनी शाळेचं काही फोडलं नव्हतं! मी भेटायला गेले तर बाई म्हणाल्या, आजी, नियम सगळ्यांना सारखा, नुकसान झालंय ना. अहो पण तो कशासाठी पळत होता ते विचारलंत का, म्हटलं. तर म्हणे व्हरांड्यात पळायला मनाईच आहे.

मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. डी.एड.ला आम्हाला पियाजे होता, स्वित्झर्लंडचा बालमानसशास्त्रज्ञ. त्याने १९३२ च्या पुस्तकात मुलांना विचारलेली एक गोष्ट दिलीय. एका मुलाला जेवायला हाक मारतात, तो दार उघडतो, दारामागे खुर्चीवर ट्रे असतो, १५ कप फुटतात. दुसरा आई घरी नसताना चोरून जॅम काढायला जातो, त्याच्या हातून एकच कप फुटतो. जास्त चूक कुणाची? लहान पोरं बऱ्याचदा १५ कपवाल्याची म्हणतात, मोठी झाली की म्हणायला लागतात, पण त्याने मुद्दाम नाही केलं. मी आमच्या पहिलीच्या पोरांना हीच गोष्ट माठ आणि गूळ घालून सांगायचे, उत्तर तसंच यायचं. आणि तिसरी-चौथीत वर्गात भांडण लागायचं, अर्धा वर्ग मुद्दाम नाही केलं म्हणून ओरडायचा. मला ते भांडण फार आवडायचं, मी मुद्दाम लांबवायचे. म्हणजे माझा नातू आत्ता नेमका त्या वयात आहे जिथं माणसाला दुसऱ्याचा हेतू दिसायला लागतो, आणि शाळेतली मोठी माणसं त्याला परत कप मोजायला बसवतायत. पियाजेनेच लिहून ठेवलंय की घरातली मोठी माणसंसुद्धा एका कपापेक्षा १५ कपांवर जास्त चिडतात. मग मुलं शिकणार कुणाकडून?

आता मार्कांचं. जर्मनीतल्या लायपझिगमध्ये वार्नेकेन आणि टोमासेलो या दोघांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या बाळांवर प्रयोग केले. समोरच्या अनोळखी माणसाच्या हातून कपडे वाळत घालताना चिमटा पडला की बाळं तुरुतुरु जाऊन उचलून द्यायची, कुणी न सांगता. २००८ मध्ये त्यांनी आणखी जरा मोठ्या बाळांना अशा मदतीबद्दल खेळणी दिली, तर बक्षीस मिळालेली बाळं पुढे कमी मदत करायला लागली. हे मला सुनेने वाचून दाखवलं. दीड वर्षाच्या बाळाकडे जे आधीच आहे त्याला तुम्ही मार्क कसले देताय? आम्ही वर्गात एवढंच करायचो, कुणी कुणाला मारलं की मारणाऱ्याला त्याच्याजवळ बसवायचं आणि विचारायचं, बघ त्याला कुठं लागलंय, आता काय करायचं तूच सांग. वेळ जायचा, पाढे राहायचे, पण पोरगं स्वतः उठून फडकं ओलं करून आणायचं.

आणखी एक, आलाच आहे विषय तर. तुमच्याकडे पूर्वी शनिवारी मुलांचं पान यायचं, मुलांची पत्रं छापून यायची. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मेलेल्या वासराबद्दल लिहिलेलं पत्र तुम्ही छापलं होतं, ते मी अजून जपून ठेवलंय. ते पान बंद करून तिथं फ्लॅटच्या जाहिराती येतात. मुलं संवेदनशील नाहीत असा लेख छापण्याआधी ते पान परत सुरू करा ही कळकळीची विनंती.

काचेचे पैसे आम्ही त्याच दिवशी भरले, त्याबद्दल तक्रार नाही. पण नातू परवा जेवताना म्हणाला, आजी, आता कुणी पडलं तर मी नाही पळणार, मी फक्त बाईंना सांगणार. घास खाली उतरला नाही माझा. तो लाल शेरा खोडून तिथं तो पाणी आणायला पळत होता एवढं एक वाक्य लिहा, असा अर्ज मी शाळेत दिलाय. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. परत जाणार आहे सोमवारी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली