सर्व्हरवरची कागदपत्रं छाटताना

प्रिय सुहास,

डिस्क भरली म्हणून '/यूएसआर/शेअर/डॉक' हे पॅकेजांच्या (बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) कागदपत्रांचं फोल्डर सरसकट उडवू नकोस. पॅकेजची पुढची आवृत्ती आली की त्या फायली परत येतील, आणि मधल्या काळात कॉपीराइटच्या फायली मात्र गेलेल्या असतील. तुझ्या डेबियन लिनक्सवर हे काम पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीलाच सांगायचं.

'/ईटीसी/डीपीकेजी/डीपीकेजी.सीएफजी.डी' या फोल्डरात एक साधी मजकूर फाईल कर. पहिली ओळ वगळण्याची, 'पाथ-एक्सक्लूड=/यूएसआर/शेअर/डॉक/*', तिच्याखाली ठेवण्याची, 'पाथ-इन्क्लूड=/यूएसआर/शेअर/डॉक/*/कॉपीराइट'. हा क्रम उलटला तर कॉपीराइटही जाईल, कारण जुळणाऱ्या नियमांपैकी शेवटचा लागू होतो. मॅन पानं (आज्ञांची माहितीपानं) नको असतील तर '/यूएसआर/शेअर/मॅन/*' वगळणारी तिसरी ओळ. मी तरी सर्व्हरवर मॅन पानं ठेवतो. रात्री नेट बंद असताना तीच कामी येतात.

हे नियम पॅकेज उलगडतानाच लागतात, आधीच्या फायलींना हात लावत नाहीत. त्या एकदाच 'फाइंड' या फायली शोधणाऱ्या आज्ञेने काढ: फक्त साध्या फायली निवड आणि कॉपीराइट नावाच्या वगळ. सिमलिंक राहू दे, काही पॅकेजांचं डॉक फोल्डर दुसऱ्या पॅकेजच्या फोल्डराकडे बोट दाखवणारी नुसती लिंक असतं. पुढे कधी कागदपत्रं परत हवीशी झाली, तर नियम काढून ते पॅकेज 'रीइन्स्टॉल' करावं लागेल. डीपीकेजीची पडताळणी चालवलीस तर या फायली 'मिसिंग' दिसतील; त्याने घाबरू नकोस.

खरी अडचण जावा बसवताना येते. मॅन पानं वगळणारा नियम त्यांचं 'मॅन१' हे आतलं फोल्डरही बनू देत नाही. ओपनजेडीके या जावा पॅकेजची मॅन पानं मात्र '/यूएसआर/लिब/जेव्हीएम' खाली असतात, म्हणून ती छाटणीतून सुटतात. मग अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज हे अशा लिंका सांभाळणारं साधन त्यांची लिंक 'मॅन१' मध्ये करायला जातं, फोल्डर सापडत नाही आणि इन्स्टॉल अर्धवट अडकू शकतं. आधी 'एमकेडीर -पी' ने '/यूएसआर/शेअर/मॅन/मॅन१' करून ठेव. पोस्टग्रेस डेटाबेसचंही असंच होतं, तिथे 'मॅन७' सुद्धा लागतं.

नावाच्या शेवटी '-डॉक' असलेली पॅकेजं वेगळी, ती नको तर सरळ काढ.

ऑफिसातल्या फेडोरा लिनक्सला 'डीएनएफ.कॉन्फ' या पॅकेजांच्या सेटिंग फाईलीच्या मेन विभागात 'टीएसफ्लॅग्ज=नोडॉक्स' एवढं पुरतं. तिथे लायसन्स म्हणून खूण केलेल्या फायली आपोआप वाचतात. अल्पाइन लिनक्सचं उलटं: कागदपत्रं मुळातच वेगळ्या पॅकेजांत असतात, हवी असतील तर 'एपीके ॲड डॉक्स' दे, म्हणजे बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची येतात. त्यातली मॅन पानं वाचायला मॅनडॉक हा प्रोग्राम बसव.

तुझा,
मिलिंद