गाड्या मोजून झाल्या, आता मिनिटे मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीच्या बातम्या हल्ली रोज वाचायला मिळतात. कॅमेरे बसणार, नव्या गाड्या येणार, बाहेरून बंदोबस्त मागवणार. आकड्यांना तोटा नाही, पण ते बहुतेक सगळे खरेदीचे आहेत. मुंबई नाक्यावर दुचाकीस्वार पडला तर रुग्णवाहिका किती वेळात येते, पाथर्डी फाट्यापलीकडच्या नव्या वसाहतीत रात्री दोन वाजता कुणी कडी वाजवत असेल तर पोलीस कधी पोहोचतात, अंबडच्या एखाद्या शेडला आग लागली तर पाण्याचा पहिला फवारा कधी पडतो, हे आकडे माझ्या तरी वाचनात कधी आले नाहीत.

ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चे आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ चे. त्या गर्दीची काळजी घ्यायलाच हवी. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, हे जुने नाशिककर विसरलेले नाहीत. पण शहर कुंभाच्या आधीही असते आणि साधू परत गेल्यावरही असते. २०११ च्या जनगणनेत आपण जेमतेम पंधरा लाख होतो. त्यानंतर गंगापूर रोड, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी या बाजूंना शहर कसे पसरत गेले, ते आपण सगळेच पाहतो आहोत. महापालिकेची हद्द सुमारे २६० चौरस किलोमीटरची आहे. एवढ्या पसाऱ्यात गाड्या किती आहेत, यापेक्षा त्या वेळेवर पोहोचतात का, हा प्रश्न मोठा आहे.

खरे तर नाशिककराला मोजमाप शिकवायला नको. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले, ते पाटबंधारे खाते सांगते. पण सराफ बाजारातला, भांडी बाजारातला दुकानदार विचारतो ते वेगळेच: गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आले? गुडघ्याला, कमरेला की छातीला? त्यावर तो माल माळ्यावर चढवायचा की नाही ते ठरवतो. सोडलेले पाणी आणि पोहोचलेले पाणी, दोन्ही आपण मोजतो. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकांच्या बाबतीत मात्र फक्त सोडलेले मोजून थांबतो.

आता घड्याळ कुठून सुरू करायचे? इथेच खरी मेख आहे. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ ला लावलेला फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून नाशिकच्या नियंत्रण कक्षाकडे आणि मग गाडीतल्या स्क्रीनवर. रुग्णवाहिकेसाठीचा १०८ चा फोन पुण्याला जातो. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस आपापला वेळ चोख दाखवू शकतो आणि तरीही रस्त्यावर पडलेल्याच्या दृष्टीने एकूण वेळ भरमसाट होऊ शकतो.

मध्यंतरी आमच्या इमारतीच्या मीटर बॉक्सने पेट घेतला. जिन्यात धूर, वरच्या मजल्यांवरचे लोक गच्चीकडे पळालेले आणि प्रत्येक जण एकाच वेळी फोन लावत होता, त्यामुळे लाइन व्यस्तच लागत होती. बंब आला तोही वळणावर अडला, कारण कोपऱ्यावर दुचाक्यांची रांग होती. दोघा-तिघांनी त्या अक्षरशः उचलून बाजूला ठेवल्या. बंबावरच्या जवानांबद्दल तक्रारीला काडीची जागा नाही. उतरल्यापासून सगळे धडाधड झाले. नंतर विम्यासाठी आगीचा दाखला घेतला, त्यात वर्दी मिळाल्याची वेळ होती आणि गाडी पोहोचल्याचीही. आमच्यापैकी एकाच्या मोबाईलमध्ये पहिल्या फोनची वेळ होती, ती वर्दीच्या वेळेच्या बरीच आधीची. दोन्ही वेळा खऱ्याच. वर्दीचे घड्याळ फोन उचलल्यावर सुरू होते, माणसाचे फोन लावल्यावर. आणि गाडी वळणावर पोहोचणे म्हणजे पाणी आगीवर पडणे नव्हे.

या दाखल्यातून एक गोष्ट मात्र पक्की कळली. माहिती नोंदलेली असते. प्रत्येक वर्दीची, प्रत्येक कॉलची. ती फक्त बाहेर येत नाही.

नोकरीभर मी सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीत होतो, म्हणून आणखी एक सांगतो. आकडे बाहेर आले तर कृपा करून सरासरी छापू नका. नऊ कॉलना पाच-पाच मिनिटांत गाडी पोहोचली आणि दहाव्याला पन्नास मिनिटे लागली, तर सरासरी येते साडेनऊ मिनिटे. वाचायला झकास! तो दहावा माणूस त्या साडेनऊ मिनिटांत कुठेच नसतो. आणि तो दर वेळी वेगळा असेल असेही नाही. एखाद्या मळ्यातला, नाहीतर रस्त्याला अजून नावही नसलेल्या कॉलनीतला असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून विचारायचे असे: दर दहापैकी नऊ कॉल किती मिनिटांच्या आत गाठले? तेही सगळ्या शहराचे मिळून नको. नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर, या सहाही विभागांचे वेगवेगळे द्या आणि दिवस-रात्र वेगळी दाखवा. संध्याकाळी सातला द्वारका चौक ओलांडणारी रुग्णवाहिका आणि पहाटे चारला ओलांडणारी यांची बेरीज करून काय कळणार?

निकष नवे शोधायचीही गरज नाही. अग्निशमनासाठी शहरी भागात पाच ते सात मिनिटांची शिफारस देशपातळीवर जुनीच आहे. १०८ साठी शहरात वीस आणि ग्रामीण भागात तीस मिनिटे धरलेली आहेत. गंमत अशी, की २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अग्निशमनाचा ना हरकत दाखला ठरलेल्या दिवसांत मिळण्याचा मला हक्क आहे आणि उशीर झाला तर अपीलही करता येते. बंब ठरलेल्या मिनिटांत येण्याचा हक्क त्यात नाही.

पोलिसांचे मोजमाप जास्त अवघड आहे आणि तिथे चुकीचा आकडा धरला तर फायद्यापेक्षा नुकसानच होते. 'यंदा गुन्हे घटले' ही बातमी आपल्याकडे शाबासकीसारखी छापली जाते. गुन्ह्यांची नोंद वाढणे म्हणजे गुन्हे वाढणे नव्हे, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्वतः आपल्या अहवालात बजावतो. तरी वरिष्ठांना कमी आकडा हवा आहे हे एकदा खाली झिरपले, की टेबलावरचा माणूस आपोआप शिकतो. आमच्या ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलीचा मोबाईल गर्दीत मारला. ती तक्रार द्यायला गेली, तर हातात कागद पडला 'मोबाईल गहाळ'चा. चोरी म्हटले की गुन्हा दाखल करा, तपास करा, शेवटी 'उघडकीस न आलेला' म्हणून तो डोक्यावर बसतो. गहाळ म्हटले की विषय संपला. दखलपात्र गुन्हा असेल तर नोंद करणे बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीचे कारणही काढून घेतले. गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. तेव्हा नोंदी वाढल्या तर पहिली एक-दोन वर्षे त्याचे स्वागतच करायला हवे. छेडछाडीच्या तक्रारी वाढल्या तर पोरी ठाण्यात जायला धजावू लागल्या, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

त्याऐवजी साधी गोष्ट करता येईल. ज्यांनी ११२ ला फोन केला होता, त्यांतल्या काहींना महिन्याभराने चिठ्ठ्या टाकून निवडावे आणि उलट फोन करावा: कोणी आले का, कधी आले, नोंद झाली का, बोलणे कसे होते? हे काम पोलिसांनी स्वतः करू नये. शहरात समाजकार्याची आणि संख्याशास्त्राची मुले शिकतात, त्यांच्याकडून करून घ्यावे. चोरीचा माल किती मूळ मालकांच्या हातात परत पडला, हाही आकडा मागावा. 'हस्तगत' झालेला मुद्देमाल आणि घरी आलेले मंगळसूत्र यांत बरेच अंतर असते.

न घडलेल्या दुर्घटनेला मात्र बातमीत जागा नसते. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे मिरची हॉटेल चौकात खासगी बस पेटली, किमान बारा प्रवासी गेले आणि मग सगळ्यांची धावपळ झाली. पाचशे मीटरच्या टापूत तीन वर्षांत पाच जीवघेणे वा गंभीर जखमांचे अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यावर ती जागा सरकारी व्याख्येत 'ब्लॅक स्पॉट' ठरते. म्हणजे जागेला आधी रक्ताने पात्र व्हावे लागते. आगीच्या बाबतीत निदान कायदा पुढचा विचार करतो. २००६ च्या अधिनियमाप्रमाणे इमारतीने दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यायचे असते. किती रुग्णालयांनी, क्लासेसनी, मंगल कार्यालयांनी ते दिले? ही यादी विभागवार प्रसिद्ध करायला फारसा खर्च येत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती कोणी मागण्याआधीच मांडणे अपेक्षित आहे.

अडचण अशी आहे, की पोलीस गृह खात्याचे, बंब महापालिकेचा, १०८ आरोग्य खात्याची आणि महामार्ग तर थेट केंद्राचा. कोणीच एकत्र हिशोब मांडणार नाही. म्हणून विनंती आपल्याकडे आहे. पावसाळ्यात धरणसाठ्याची चौकट छापतात, तशी महिन्यातून एकदा सहा विभागांच्या मिनिटांची चौकट छापा. आकडे मिळेपर्यंत ती रिकामी छापा, 'माहिती दिली नाही' असे लिहून. आणि पहिल्या महिन्याचे आकडे आले की ते वाईटच असतील. तेव्हा 'यंत्रणेचे वाभाडे' असा मथळा मात्र देऊ नका. दिलात, तर दुसऱ्या महिन्यात सगळ्या गाड्या कागदावर सात मिनिटांत पोहोचू लागतील.

आपला नियमित वाचक,
(निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर)
इंदिरानगर, नाशिक