मराठी ‘टॉप गिअर’ हवा, पण प्रायोजकाला न घाबरणारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी वाहिन्यांवर स्वयंपाक, गाणी आणि विनोद यांना तोटा नाही. गाड्यांवरचा धड कार्यक्रम मात्र शोधूनही सापडत नाही. चेतक आकुर्डीची, इंडिका पिंपरीची, बोलेरो नाशिकची. गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या गाड्यांवरच्या कार्यक्रमाची स्थानिक आवृत्ती इथे निघायला काहीच हरकत नव्हती. धास्ती एवढीच वाटते की ती निघालीच, तर तिघे सूत्रसंचालक उगाच खिदळतील, टायरचा धूर काढतील आणि शेवटी प्रायोजकाचे आभार मानून मोकळे होतील.

कार्यक्रमाचा साचा विकत मिळतो. ऑस्ट्रेलियाने तो 2008 मध्ये घेतला, अमेरिकेने 2010 मध्ये. ऑस्ट्रेलियात पहिल्या पर्वानंतरच तिघांतला एक सूत्रसंचालक बदलला. मूळ कार्यक्रमाची खरी ताकद वेगळीच होती. बीबीसी ब्रिटनमध्ये प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालते, जाहिरातींवर नाही. म्हणून तर 1995 मध्ये सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसनला व्हॉक्सहॉल व्हेक्ट्रा या गाडीबद्दल बोलण्यासारखं काहीच नाही, हे कॅमेऱ्यासमोर दाखवून देता आलं. आपल्याकडे कंपनीनेच दिलेली नवीकोरी गाडी, टाकी फुल, आणि मधल्या विश्रांतीत त्याच गाडीची जाहिरात. मग परीक्षण कसलं होणार? 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत भारतातल्या पाच छोट्या गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यातल्या एखाद्या गाडीशेजारी उभं राहून ते मराठीत ठणकावून सांगणारा सूत्रसंचालक माझ्या तरी पाहण्यात नाही.

तेव्हा गाडी शोरूममधून पैसे मोजून घ्यावी, नाहीतर गाडीमालकाकडून मागून आणावी. शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत, हे नाही सांगितलं तरी चालेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादाच शंभरची आहे. त्यापेक्षा पाच माणसं, डिकीत गावाकडचं तांदळाचं पोतं, एसी चालू, आणि गाडी ताम्हिणी घाटात घाला. चढावर कुणीतरी पुढ्यात थांबलं की पुन्हा उचलताना क्लच किती जळतो, वास आत येतो का, ते दाखवा. पावसाळ्यात रात्री मुंबई-गोवा महामार्गावर समोरून फुल बीम आला की काचेतून काय दिसतं? रंगवायचा राहून गेलेल्या गतिरोधकावर पोट घासतं का? माझ्यासारख्याला गाडी घेताना हेच प्रश्न पडतात.

मूळ कार्यक्रमात पांढऱ्या हेल्मेटातला निनावी ‘स्टिग’ धावपट्टीवर गाडी पळवायचा. आपल्याकडे त्या जागी एसटीचा चालक बसवावा. धुक्यात आंबोली घाट उतरणाऱ्या माणसाला हेल्मेटची गरज नाही. पाहुण्या कलाकारांना तिथे साध्या सुझुकी लियानात बसवून वेळ मोजत. इथे त्यांना सदाशिव पेठेतल्या बोळातून रिव्हर्स काढायला लावावं. सूत्रसंचालकांत निदान एक जण गॅरेजमधला, हाताला ग्रीस लागलेला हवा आणि एक बाई हवी, नुसती शेजारच्या सीटवर बसवलेली नव्हे. 2011 च्या भारत विशेष भागात जग्वारच्या डिकीवर कमोड बसवून फिरवला होता, तसल्या विनोदाची उसनवारी मात्र नको.

पहिल्या भागासाठी माझी जुनी हॅचबॅक द्यायला मी तयार आहे. दुसरा गिअर अडकतो, तेवढं मात्र पडद्यावर सांगावं लागेल.

– एक वाचक, चिंचवड